गावात काळ थांबतो का?

चतुर्थीला किंवा दत्तजयंतीला मुंबईहून आलेला चाकरमानी पडवीत टेकला, की हटकून म्हणतो, “हय काळ थांबलोहा बघ!” खाडीपलीकडची वाडी किंवा पावसाळ्यात होड्या बंद झाल्यावरचा सिंधुदुर्ग किल्ला, अशा एकट्या पडलेल्या ठिकाणी काळ खरोखरच वेगळ्या गतीने वाहतो का? भाविकहो, प्रश्न वरवर गमतीचा. पण त्याच्या उत्तरावर आपलं वागणं ठरतं.

घड्याळ तर माणसांनीच ठरवलेलं. १ जानेवारी १९०६ ला देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, तरी मुंबईने तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत सांभाळली. आजही मालवणात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३६ मिनिटांनी. रापणकाराला घड्याळापेक्षा तिथी जवळची: पुनव-अवसेला उधाण, अष्टमीला भांग आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. शास्त्रही म्हणतं, उंचावर घड्याळ किंचित जलद चालतं. २०१० मध्ये अमेरिकेत जेमतेम एका फुटाच्या फरकावर ते मोजलं गेलं. पण डोंगरावरच्या आणि बंदरावरच्या माणसाच्या अख्ख्या आयुष्यात त्याने एका सेकंदाचाही फरक पडत नाही. म्हणजे मोजणी निराळी, काळ एकच.

आता आपल्या आचऱ्याची गावपळण बघा. श्री देव रामेश्वराचा कौल झाला, की अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर पडतो आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये, या मोबाइलच्या जमान्यातही, आचरेकर असेच निघाले. मागे घरं बंद, चुली थंड. त्या तीन दिवसांत गावात काळ थांबला, असं म्हणता येईल. पण का? तर मागे कुणी राहिलेलंच नसतं. थकलेली आजी आणि पाळण्यातलं पोर, सगळ्यांना बरोबर घेऊनच गाव निघतो.

एरवी आपण उलट करतो. माणसं मागे ठेवून जातो आणि काळ थांबलाय म्हणतो. हे वाक्य गोड खरं, पण ज्याला परत जायचंय त्याच्या सोयीचं. काळ थांबलाय म्हटलं की आई तशीच राहील, वडिलांचा मोतीबिंदू पुढच्या मे महिन्यात बघता येईल, भावकीतला अबोला आणखी एक वर्ष चालेल. वाट बघणाऱ्याचा दिवस लांबतो. आयुष्य काही लांबत नाही. पडवीतला म्हातारा म्हणतोच ना, “माका घाई नाय रे, पण माझ्या दिसांका आसा.”

दत्तमहाराजांच्या चोवीस गुरूंत चंद्र आहे. कला वाढतात, घटतात, चंद्र तोच. ही शिकवण स्वतःचं मन स्थिर ठेवण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुखण्याकडे कानाडोळा करण्यासाठी नव्हे. आत्म्याला काळ शिवत नाही. गुडघ्यांना शिवतो, डोळ्यांना शिवतो.

म्हणून यंदा मार्गशीर्ष पौर्णिमेला पोरं पालखीला आली, तर त्यांनी परतीच्या गाडीआधी घरात विचारावं, “काय राहिलंय?” आणि आपण वडीलधाऱ्यांनीही “बघू पुढच्या खेपेक” म्हणून त्यांची समजूत काढू नये. काय हवं ते सांगावं. होण्यासारखं असेल ते त्याच खेपेला होऊन जाऊ दे.