वेळीच थांबण्याचे मोल

उड्डाणाच्या ऐन क्षणी वैमानिकाने विमान थांबविले, अशी बातमी अधूनमधून आपल्या वाचनात येते. पुणे, दिल्ली वा परदेशी असलेल्या मुलाबाळांकडे जाणेयेणे आता आपल्याही घरांत नित्याचे झाले आहे. त्यामुळे अशी बातमी वाचताना काळजात धस्स होते. 'मोठा अनर्थ टळला', 'प्रवासी थोडक्यात बचावले' ही तिची ठरलेली भाषा. त्या भाषेत भीती असते आणि दैवाची कृपा असते. कोणी एकाने विचारपूर्वक घेतलेला निर्णय मात्र बहुधा नसतो.

वास्तविक हा निर्णय विमान हलण्यापूर्वीच अर्धाअधिक झालेला असतो. विमानाचे वजन, धावपट्टीची लांबी, वारा आणि तापमान यांवरून एक वेग आधी काढून ठेवतात. वैमानिकांच्या भाषेत तो 'व्ही-वन'. थांबायचे असेल तर त्या वेगापूर्वीच थांबायचे. तो ओलांडल्यावर एक इंजिन बंद पडले तरी उड्डाण करायचे, कारण पुढे उरलेली धावपट्टी थांबण्यास पुरेलच असे नाही. साधारण ८० ते १०० नॉटपर्यंत किरकोळ बिघाडासाठीही थांबतात. त्यापुढे मात्र आग, इंजिन निकामी होणे, अशा गंभीर कारणांसाठीच.

थांबणे हेही सोपे काम नव्हे. वेग दुप्पट झाला की जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते, आणि ती मुख्यतः चाकांतील ब्रेकांना उष्णतेच्या रूपाने सोसावी लागते. पंखांवरच्या झडपा उभ्या राहून विमानाचा भार चाकांवर आणतात; इंजिनांचा उलटा झोतही मदत करतो, पण कोरड्या धावपट्टीचे गणित मांडताना ती मदत जमेस धरीत नाहीत. विमानाला मान्यता देण्यापूर्वीची चाचणी पूर्ण झिजलेल्या ब्रेकांवर घेतात. ब्रेक लालबुंद होतात, आणि विमान थांबल्यावर पाच मिनिटे अग्निशामक दलाच्या मदतीवाचून त्याने टिकाव धरावा लागतो. चाकांत बसविलेली बुचे ठरावीक उष्णतेला वितळतात व टायर फुटण्याऐवजी त्यातील वायू निघून जातो. दूरचित्रवाणीवर धूर आणि बसलेले टायर दाखवितात, तेव्हा तो विध्वंसाचा पुरावा वाटतो. पुष्कळदा ती यंत्रणेने आपले काम चोख बजावल्याची खूण असते.

२१ जुलै २०२५ रोजी दिल्लीहून कोलकात्यास निघालेले एअर इंडियाचे विमान ताशी सुमारे १५५ किलोमीटर वेगाला असताना थांबविण्यात आले. अहमदाबादच्या भीषण अपघातास तेव्हा जेमतेम महिना लोटला होता. लोक धास्तावले यात नवल नाही. पण १५५ किलोमीटर म्हणजे साधारण ८४ नॉट, हे कोणी समजावून सांगितले असते, तर हाच आकडा भयप्रद न वाटता धीर देणारा ठरला असता.

येथे मूळ नैतिक प्रश्न उभा राहतो: निर्णयाची पारख कशावरून करावी? १९८५ साली मँचेस्टर येथे एका बोइंग ७३७ विमानाचे इंजिन धावपट्टीवर फुटले. वैमानिकांनी तत्काळ उड्डाण रहित केले. तो आवाज टायर फुटल्याचा असावा असे वाटल्याने त्यांनी ब्रेक बेताने लावले व विमान धावपट्टीवरून बाजूला वळविले. वाऱ्याने ज्वाळा विमानाच्या अंगावर लोटल्या आणि ५५ जण दगावले. याउलट २०१७ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातील विलो रन विमानतळावर एक विमान व्ही-वन ओलांडल्यावर नाक वर उचलीना. कप्तानाने नियमाच्या विरुद्ध जाऊन ते थांबविले. विमान धावपट्टीपलीकडे घसरत गेले, पण आतील ११६ जण वाचले. शेपटीचा भाग जोरदार वाऱ्याने आधीच अडकून बसला होता व तो दोष नेहमीच्या तपासणीत कळण्याजोगा नव्हता, असे चौकशीत निष्पन्न झाले. कप्तानाचा निर्णय योग्यच ठरविला गेला.

केवळ फळ पाहिले तर पहिला निर्णय चुकीचा आणि नियमच निरर्थक ठरेल. परंतु मँचेस्टरला थांबण्याचा निर्णय योग्यच होता. अनर्थ झाला तो पुढच्या घटनांमुळे. विलो रनला नियम मोडला गेला तो धाडस म्हणून नव्हे, तर विमान उडणारच नाही हे उमगल्यामुळे. फळावरून कर्माची किंमत ठरवू नये, हा विचार आपल्याला नवा नाही. तो अंमलात आणणेच कठीण.

अर्थात थांबणाऱ्याचे कौतुक म्हणजे बिघाडाला माफी नव्हे. दोष का उद्भवला, देखभाल नीट झाली होती काय, हे वृत्तपत्राने विचारलेच पाहिजे. 'तांत्रिक कारण' एवढ्या दोन शब्दांवर कंपनीला सुटू देऊ नये. मात्र दोषाचा जाब आणि निर्णयाचा न्याय या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की वेळीच थांबलेला माणूसच संशयाच्या जागी उभा राहतो, आणि हा संशय पुढच्या वैमानिकाच्या हाताला क्षणभर जरी अडखळवील, तरी त्याची किंमत आपल्यातलेच कोणी मोजील. तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी वाचताना आपण एवढेच विचारावे: वेग किती होता, काय बिघडले होते, आणि त्या क्षणी वैमानिकाला काय ठाऊक होते?