सोपवायचं कुणाकडे?

मनुस्मृती सांगते, सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंड पाहिलं, की गृहस्थाने वनाची वाट धरावी. माझी तिन्ही लक्षणं पुरी झालीत. तरी सकाळी आंबे काढायची घळ खांद्यावर टाकून मी हापूसच्या कलमांतच जातो. वानप्रस्थाला मागे कुणीतरी उभं असावं लागतं.

आमच्या राजापूर तालुक्यात तेच नाही. वाडीतली कितीतरी घरं गणपती-शिमग्यापुरती उघडतात. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत घटलेली निघाली. पूर्वी मुंबईची गिरणी माणूस न्यायची, पण उतारवयात तो गावी परतायचा. आताची पोरं तिकडेच फ्लॅट घेतात. त्यांना दोष देववत नाही. भातशेतीवर संसार चालत नाही, हे आम्हीच त्यांना शिकवलं.

बाग राखतात ते नेपाळहून आलेले गडी. हापूस देठ राखून काढावा लागतो, नाहीतर चीक सालीवर ओघळून फळ डागाळतं. माझ्याकडचा मुलगा हे एका हंगामात शिकला. उन्हात घळ वर धरून तो देठ शोधतो, तेव्हा वाटतं, हे झाड जास्त कुणाचं? सातबाऱ्यावर नाव असलेल्याचं, की त्याचं?

गीतेने कर्म करणाऱ्याला फळाची आस सोडायला सांगितलं. मालकाने त्याचं फळ ठेवून घ्यावं, असं कुठे सांगितलं? माझ्या मते विद्या ज्याला दिली, त्याला वाटाही द्यावा, मग तो रक्ताचा नसला तरी. यंदापासून त्याला पगाराशिवाय पेटीमागे रक्कम द्यायची ठरवली आहे. माझ्या स्वतःच्या मुलाला ते पटवायचं अजून बाकी आहे.