शांतीच्या मागे धावणे

शास्त्रपाठ : इब्री १२:१-१४



इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या आरंभी शर्यतीचा दाखला येतो. अंगावरचा भार टाकून धीराने धावावयाचे, हा बोध आम्ही शब्बाथशाळेपासून ऐकत आलो. परंतु पुष्कळदा आमचे वाचन पहिल्या दोन-तीन वचनांवरच थांबते. चौदाव्या वचनात तोच पत्रकर्ता सर्वांशी शांतीने राहण्याविषयी सांगतो, आणि तेथे त्याने योजलेले मूळ ग्रीक क्रियापद पाठलाग करण्याचे आहे. फिलिप्पैकरांस लिहिताना पौल आपल्या लक्ष्याकडे धावण्याविषयी बोलतो, तेथेही तेच क्रियापद आढळते. म्हणजे शांती बसल्या जागी मिळत नाही. तिच्या मागे धावावे लागते. पहिल्या वचनापासून चौदाव्या वचनापर्यंतची ही वाट जिच्या आयुष्यात स्पष्ट दिसते, अशा एका स्त्रीचा वृत्तांत आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

टेग्ला लोरूपे यांचा जन्म १९७३ साली केन्या देशाच्या वायव्य भागात, पोकोट जमातीत झाला. भावंडे चोवीस. शाळा सुमारे दहा किलोमीटर दूर. तेथे त्या अनवाणी धावत जात. मुलीने धावण्याचा नाद धरावा हे वडिलांस मान्य नव्हते, आई मात्र पाठीशी उभी राहिली. १९९४ साली त्यांनी न्यूयॉर्कची मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरांची शर्यत जिंकली. ती जिंकणारी आफ्रिकेतील पहिली स्त्री त्याच होत. १९९५ साली, बहिणीच्या मृत्यूचे दुःख ताजे असतानाच, त्यांनी ती पुन्हा जिंकली. १९९८ साली रॉटरडॅम येथे २ तास २० मिनिटे ४७ सेकंदांत धावून त्यांनी नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियानसेन यांचा तेरा वर्षांचा जागतिक विक्रम मोडला. पुढील वर्षी बर्लिनमध्ये त्यात आणखी चार सेकंदांची भर घातली.

मग आले २००० सालचे सिडनी ऑलिंपिक. टेग्लाबाई जिंकतील अशी पुष्कळांची अपेक्षा होती. पण शर्यतीच्या आधी अन्नातून विषबाधा झाली. तरी त्या धावल्या आणि तेराव्या आल्या. थोड्याच दिवसांनी दहा हजार मीटरच्या शर्यतीत उतरून पाचव्या आल्या. सुवर्णपदक जपानच्या नाओको ताकाहाशी यांनी नेले, आणि पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये विक्रमही त्यांनीच मोडला. पौलाने करिंथकरांस सांगितलेला नाशवंत मुगुट तो हाच. चार सेकंदांसाठी मनुष्य वर्षानुवर्षे झिजतो, आणि दोन वर्षांत ते सेकंद दुसऱ्याच्या नावावर जातात.

टेग्लाबाईंची धाव येथे संपली असती, तर आमच्या पहिल्या वचनापुरता दाखला झाला असता. परंतु त्यांच्या घरच्या मुलखात दुसरीच शर्यत चालली होती. पोकोट, तुर्काना, माराक्वेत आणि सीमेपलीकडील युगांडातील कारामोजोंग हे सारे गुरे राखणारे लोक. पाऊस कमी, कुरणे व पाणवठे थोडे. एकमेकांची गुरे पळवून नेण्याची रीत जुनीच होती; हाती भाल्याऐवजी बंदूक आली तशी माणसे फार मरू लागली. विजेती म्हणून टेग्लाबाईंस आपल्या जमातीचा अभिमान होऊन राहता आले असते. त्याऐवजी २००३ साली त्यांनी शांतीसाठी एक संस्था काढली आणि कापेनगुरिया गावी परस्परांच्या वैरी जमातींस एकत्र धावावयास बोलाविले. २००६ साली सहा जमातींचे सुमारे दोन हजार योद्धे तेथे दहा किलोमीटर धावले.

वाचकहो, येथे आम्हांस पहिल्या वचनातील तो भार आठवतो. खांद्यावर बंदूक घेऊन दहा किलोमीटरची शर्यत धावता येत नाही. ती आधी खाली ठेवावी लागते. ज्याच्यावर काल नेम धरला होता, त्याच्याच शेजारी आज धाप लागलेली असते, आणि दोघांनाही पाणी हवे असते.

पुढे २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये प्रथमच निर्वासितांचा संघ उतरला. त्यात दहा खेळाडू होते आणि संघप्रमुख टेग्लाबाई होत्या. दहांपैकी पाच जण दक्षिण सुदानातून पळून आलेले धावपटू. त्यांच्यातील रोझ नाथिके लोकोन्येन हिने उद्घाटनाच्या दिवशी संघाचा ध्वज धरला. ती काकुमा छावणीत वाढलेली. आणि काकुमा आहे तुर्कानांच्या मुलखात. पोकोट स्त्रीने शेजारच्या वैऱ्यांच्या मुलखातून परक्यांची लेकरे घेऊन त्यांस जगापुढे उभे केले. पदक एकालाही मिळाले नाही. तरी ज्यांना देश नव्हता त्यांस उभे राहण्यास जागा मिळाली.

त्या मुलखातील चकमकी आजही पूर्णपणे थांबलेल्या नाहीत. म्हणून कोणी म्हणेल, एवढ्या धावण्याचे फळ काय? परंतु पत्रकर्त्याने शांती हाती लागेलच असे वचन दिलेले नाही. तिचा पाठलाग सोडू नये एवढेच सांगितले आहे. पाठलाग करणाऱ्याला पुढची वस्तू सदैव थोडी दूरच दिसते.

आता आपल्याकडे पाहू या. आमच्या खांद्यावर बंदूक नाही. पण वडिलोपार्जित शेताच्या बांधावरून दोन सख्खे भाऊ अबोला धरतात आणि प्रभुभोजनाच्या दिवशी एकाच मंदिरात दोन टोकांच्या बाकांवर बसतात. कमिटीच्या निवडणुकीत दुखावलेले मन पुढच्या निवडणुकीपर्यंत जपून ठेवले जाते. प्रत्येक जण म्हणतो, त्याने आधी यावे, मग मी बोलेन. बंधुभगिनींनो, ही वाट पाहणे झाले. हे धावणे नव्हे. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जावे, असे प्रभूने डोंगरावर शिकविले, तेव्हा चूक कोणाची हे ठरेपर्यंत थांबण्यास त्याने सांगितले नाही.

या महिन्यात आपणांपैकी प्रत्येकाने एक दार निवडावे, ज्याच्या पायरीवर पुष्कळ दिवसांत आपले पाऊल पडले नाही. ते अंतर बेचाळीस किलोमीटरांचे नसेल. बहुधा दोन गल्ल्यांचेच असेल. खांद्यावरचे ओझे उतरवून तेवढे चालून जाण्याचे बळ प्रभू येशू आपणा सर्वांस देवो. आमेन.