हात धुणे आणि हात धरणे



येत्या ११ फेब्रुवारीला, लूर्डमातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्ण दिन पाळत आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली हा दिवस ठरवून दिला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. दरवर्षी या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, त्यांना रुग्णाभिषेकाचे साक्रामेंत देतो. यंदा प्रार्थनेच्या जोडीला थोडा विचारही करावा असे आम्हांला वाटते, आणि तोही परिचारिकांच्या कामाविषयी. घरात एखादी नर्स नाही असे कुटुंब आपल्या धर्मग्रामात सापडेल, पण नर्स नसलेला विभाग सापडणे कठीण.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना, शास्त्रज्ञ विचार कसा करतात हे समजावण्यासाठी आम्हांला व्हिएन्नाच्या डॉक्टर सेमेलवाइस यांचे उदाहरण देत असत. तेथील मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन कक्ष होते. १८४६ साली पहिल्या कक्षात शंभरातील अकराहून अधिक बाळंतिणी तापाने दगावल्या, दुसऱ्यात तीनाहूनही कमी. हे असे का? सेमेलवाइसना एक शंका आली ती आम्हा धर्मगुरूंविषयी. मरणासन्न स्त्रीला ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी धर्मगुरू येत, तेव्हा पुढे घंटा वाजवणारा सेवक असे. पहिल्या कक्षात त्यांना इतर खोल्यांतून जावे लागे. ती घंटा ऐकून बाकीच्या स्त्रिया धास्तावत असतील काय? सेमेलवाइसनी धर्मगुरूंना आडवाटेने, घंटा न वाजवता यायची विनंती केली. त्यांनी ती मानली. मृत्यू मात्र थांबले नाहीत.

दोष घंटेचा नव्हता, हातांचा होता. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासत होते. १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती झाली आणि १८४८ साली मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडच्याही खाली आले. आजही हे सोपे काम सर्वांना जमतेच असे नाही. जिनिव्हाच्या इस्पितळात १९९४ ते १९९७ या काळात हातांच्या स्वच्छतेची मोठी मोहीम झाली. जिथे हात स्वच्छ करायलाच हवेत अशा प्रसंगांपैकी सुरुवातीला शेकडा ४८ वेळाच ते होत होते, अखेरीस ६६ वेळा होऊ लागले. सुधारणा झाली ती परिचारिकांमध्ये. डॉक्टरमंडळी जवळपास होती तिथेच राहिली. आमच्या नर्सभगिनी हे वाचून गालातल्या गालात हसतील.

सेमेलवाइसची गोष्ट सांगणारे घंटा निर्दोष ठरली म्हणून पुढे जातात. पण त्या खोल्यांतील स्त्रियांना भीती वाटत होती, हे तर खरेच होते. पहिल्या कक्षात नको, दुसऱ्यात घ्या, म्हणून त्या गयावया करीत. ताप भीतीने आला नव्हता, म्हणून भीती खोटी ठरत नाही. तिच्याकडे पाहण्याचे काम कोणाचे?

शुभवर्तमानातील कुष्ठरोग्याकडे वळू या (मार्क १:४०-४५). लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील नियमाप्रमाणे असा माणूस वस्तीबाहेर एकटा राही आणि आपण अशुद्ध आहोत हे ओरडून सांगे. रोग पसरू नये हा त्या नियमाचा एक उपयोग होता, हे आपण मान्य करू या. पण त्यात तो माणूसच वस्तीतून पुसला जाई. येशूने काय केले? त्याला बरे करण्यासाठी प्रभूचा शब्द पुरेसा होता. तरी त्याने आधी हात पुढे केला आणि त्याला शिवला. मग त्याला याजकाकडे पाठवले, मोशेच्या नियमाप्रमाणे तपासणी करून घे म्हणून. ही दुसरी गोष्ट आपण बहुधा विसरतो. प्रभूने नियम उडवून लावला नाही. नियमही पाळला आणि माणसालाही जवळ घेतले.

आजच्या इस्पितळांत हा प्रश्न तसाच उभा आहे. औषधांना दाद न देणारे जंतू असलेल्या रुग्णांना वेगळ्या खोलीत ठेवतात, आत जाताना गाऊन आणि हातमोजे घालतात. १९९९ साली एका पाहणीत दिसले की अशा रुग्णांच्या खोलीत कर्मचारी इतरांच्या मानाने निम्म्याच वेळा जातात. २००३ साली टोरांटो आणि बोस्टन येथील इस्पितळांच्या अभ्यासात आढळले की अशा रुग्णांना उपचारांतील इजा सुमारे दुपटीने झाल्या. नाडी-तापाच्या नोंदी राहून गेल्या, तक्रारीही अधिक आल्या. खोली वेगळी करण्यात चूक नव्हती. दारापाशी गाऊन घालायचा कंटाळा आला आणि फेरी पुढे ढकलली गेली, असे झाले असावे.

२०२० च्या कोविडमध्ये हे आपण आपल्या घरांत भोगले. आपली माणसे काचेपलीकडे गेली. पीपीई किटमधल्या नर्सने फोन धरला म्हणून कित्येकांना शेवटचा आवाज ऐकता आला. ब्राझीलमधील परिचारिकांनी तर २०२१ साली दोन हातमोज्यांत कोमट पाणी भरून त्यांमध्ये रुग्णाचा हात ठेवला, कोणी हात धरला आहे असे त्याला वाटावे म्हणून. आम्हांला त्या मोज्यांचे कौतुक वाटते आणि वाईटही वाटते.

युरोपातील १२ देशांच्या ४८८ इस्पितळांत ३३ हजारांहून अधिक परिचारिकांना विचारण्यात आले होते की, शेवटच्या पाळीत वेळेअभावी कोणते काम राहून गेले? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणींनी सांगितले, रुग्णाशी बोलणे, त्याला धीर देणे. सर्वांत जास्त राहून गेलेले काम तेच होते. लगेच परिचारिकांना बोल लावू नये. जिथे एकीवर रुग्ण कमी होते, तिथे राहून जाणारी कामेही कमी होती. रजिस्टर भरले नाही तर वरिष्ठ विचारतात. आजीशी बोलली नाहीस का, असे कोण विचारणार?

इस्पितळाचे झाले. आपल्या घरांचे काय?

ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही घरोघरी जातो तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला लोक भेटायला येत नाहीत, ही तक्रार अर्धीच असते. पुष्कळदा तो स्वतःच म्हणतो, कोणाला आत आणू नका. केस विंचरलेले नसतात, कवळी काढून ठेवलेली असते, चादरीला वास येत असतो आणि तो वास त्याला सर्वांच्या आधी येतो. अस्वच्छतेची लाज त्याला एकटे पाडते. एकटा पडला की तो जेवणाला, आंघोळीला नाही म्हणू लागतो. आम्ही आल्यावर काही घरांत म्हणतात, फादर, दहा मिनिटे थांबा, बाबांचे कपडे बदलतो. जरूर बदला. ती दहा मिनिटे थांबायला आमची ना नाही.

जपानमधील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे एक साधी गोष्ट करून पाहिली, त्याचा निष्कर्ष २००२ साली आला. काही वृद्धांचे दात आणि तोंड प्रत्येक जेवणानंतर स्वच्छ केले. त्यांच्यापैकी शेकडा ११ जणांना न्यूमोनिया झाला. ज्यांच्याकडे असे लक्ष दिले नव्हते, त्यांच्यापैकी १९ जणांना. दात घासून द्यायला ना डॉक्टर लागतो, ना महागडे औषध. लागते ते दिवसातून तीनदा कोणी जवळ बसणे. परिचारिका ज्याला स्पंज म्हणतात त्या अंग पुसण्याचेही तसेच. पाठ पुसताना जखम कुठे होते आहे ते दिसते आणि पाठ पुसून घेणारा माणूस बोलू लागतो. ब्युरोची बाई ठेवली की हे सारे तिच्यावर सोपवून मुले दरवाजातूनच विचारपूस करतात. बाई ठेवण्यात गैर काही नाही. तिचेही हात दमतात. पण रविवारी एक वेळ आईची पाठ मुलाने पुसली तर आईला फरक कळतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या रुग्ण दिनाचा संदेश याच विषयावर दिला होता. उत्पत्तीच्या ग्रंथात मनुष्याच्या एकटेपणाविषयी देव जे म्हणतो त्यापासून सुरुवात करून, आजाऱ्याची पहिली सेवा म्हणजे त्याच्याशी नाते जपणे, असे त्यांनी सांगितले.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी परिचारिकांना पुन्हा पुन्हा हात धुवायला सांगितले आणि भेटायला येणाऱ्यांना एक सूचना केली, की रुग्णाच्या नजरेसमोर बसा, म्हणजे त्याला मान वळवून दुखवून घ्यावी लागणार नाही. आपण बहुधा उशापाशी उभे राहतो आणि सुनेशी बोलतो.

तेव्हा ठरवले आहे ते असे. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात आपल्या धर्मग्रामातील दोन नर्सभगिनी चादर न उचलता कशी बदलावी, अंग कसे पुसावे, तोंड कसे स्वच्छ करावे हे करून दाखवतील. त्यानंतर प्रत्येक विभागातून दोघांनी आठवड्यातून एकदा एका घरी अर्धा तास जायचे आहे. दारात साबणाने हात धुवावेत, खुर्ची समोर ओढावी आणि फोन बंद ठेवावा. ज्या घरी कोणी आलेले हवे आहे त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. नाव वेदीवरून वाचले जाणार नाही. पुरुषांनीही सभागृहात यावे, आणि येताना घरून एक टॉवेल आणावा.

आपले धर्मगुरू