कंपनी फिटिंग

मिळालेली वस्तू जशीच्या तशी वापरणं हा आम्हां वऱ्हाडी लोकांना आपल्या बुद्धीचा अपमान वाटतो. कूलर आणला की आधी त्याचा पंप बदलायचा, सायकल आणली की घंटी बदलायची. मग मोटारगाडी तरी कशी सुटावी?

अमरावतीत आमच्या शेजारच्या पोराच्या खोलीत टोयोटा सुप्रा या जपानी गाडीचं चित्र आहे. जिथं आमच्या वेळी गजानन महाराज असत, तिथं. टर्बो म्हणजे काय, हे त्यानंच मला ओट्यावर बसून समजावलं. इंजिनातून जो धूर वाया जातो, त्याच्याच जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्रानं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणून जोर जास्त. धुरावर चालणारी माणसं मी बँकेत पुष्कळ पाहिली, पण त्यानं कामाचा जोर वाढलेला काही दिसला नाही.

जपानी कंपन्या मात्र सभ्य. १९८९ च्या सुमाराला त्यांनी आपसांत ठरवलं, की २८० अश्वशक्तीच्या वर ताकद जाहीर करायची नाही. २००४ पर्यंत हा तोंडी करार चालला. काही गाड्यांच्या पोटात ताकद जास्त होती, पण तोंडानं सांगायचं २८०च! आमच्याकडे लग्नाच्या बाजारात मुलाच्या पगाराचं नेमकं उलटं असतं.

सुप्रा काही वऱ्हाडात परवडत नाही. म्हणून पोरानं जुनी यामाहा आरएक्स १०० घेतली. १९८५ ते १९९६ या काळात निघालेली, अठ्ठ्याण्णव सीसीची, म्हणजे मालकापेक्षा वयानं मोठी. तिचा सायलेन्सर बदलला, कार्बोरेटरचं जेट बदललं. त्यात २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झालेला. रस्ताच असा भरधाव तयार झाल्यावर त्यावर हळू चालवणं पोराला पाप वाटतं.

आता प्रश्न असा, की गाडी त्याची, पैसा त्याचा, मग बदल करू नये असं सांगणारे आपण कोण? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेला सोडून बदल चालणार नाहीत. पण कायद्यानं दंड ठरतो, बरं-वाईट ठरत नाही.

मी बँकेतला माणूस. मला ‘मार्जिन’ कळतं. शंभराच्या तारणावर बँक शंभर देत नाही, थोडं हातचं राखते. इंजिन करणाराही राखतो. पेट्रोल भेसळीचं निघेल, अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांवर जाईल, कोणी तिघं बसतील, या सगळ्यासाठी ती ताकद झाकून ठेवलेली असते. आपण जोर ‘वाढवतो’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा ही राखीव ठेवच मोडतो. ट्यूनिंग म्हणजे खरं तर तंबोरा जुळवणं. कान पिळणारा हात हवाच, पण तार कुठं थांबा म्हणते ते ऐकणारा कानही हवा.

हे मी पोराला सांगणार, तोच त्याचे वडील कडाडले, “कंपनीचे इंजिनेर येडे हायेत काय बे? जशी आली तशी ठेव!”

पोरगं शांतपणे म्हणालं, “बाबा, मंग मले काऊन नाई ठेवलं कंपनी फिटिंग? धाव्वी झाली का अकोल्याले शिकवणीत टाकलं. सकाळी पाचपासून रातच्या दहापर्यंत. माही झोप, माहं क्रिकेट कोनं काढून घेतलं?”

वडील काही बोलले नाहीत. उगाच ओट्यावरची चप्पल सरळ करत राहिले. अकोल्याच्या खोल्यांत अशी किती इंजिनं तापत असतील, कोण जाणे. तिथला बिघाड कोणत्या मिस्त्रीला दाखवायचा?

म्हणून माझा निकाल हा असा : आपलं मार्जिन आपण खावं, हौसेनं खावं, दुसऱ्याचं खाऊ नये. रात्री अकराला त्या सायलेन्सरनं मोडते ती गल्लीची झोप पोराच्या मालकीची नाही. आणि पोराची झोप बापाच्या मालकीची नाही.

हा निकाल दोघांनाही मान्य नाही. म्हणजे तो बराचसा बरोबर असावा.