त्याग कोणी कोणाला सांगावा?



१४ ऑगस्टला ख्रिस्तसभा संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचा सण पाळते. दुसऱ्याच दिवशी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन, त्यामुळे या पोलिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूची आठवण आपल्याकडे मागे पडते.

१९४१ च्या जुलैअखेरीस आउश्विट्झच्या छळछावणीतून एक कैदी नाहीसा झाला. शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी ठेवून मारण्यासाठी निवडण्यात आले. त्यांतल्या फ्रान्सिशेक गायोव्निचेक या सैनिकाने बायकामुलांच्या आठवणीने टाहो फोडला. तेव्हा फादर कोल्बे रांगेतून पुढे आले. आपण कॅथोलिक धर्मगुरू आहोत, या माणसाच्या जागी आपल्याला न्यावे, असे त्यांनी अधिकाऱ्याला सांगितले. अदलाबदल मान्य झाली. दोन आठवड्यांनंतरही तळघरातल्या कोठडीत चौघे जिवंत होते, त्यांत फादर कोल्बे होते. १४ ऑगस्टला त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारण्यात आले.

गायोव्निचेक वाचले, पण ज्या दोन मुलांसाठी ते रडले ती १९४५ साली युद्धातच मारली गेली. मग कोल्बे यांचा त्याग वाया गेला काय? संत थॉमस अक्वायनस यांच्या मते प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. पुढे काय घडेल याची हमी त्यात नसते. गायोव्निचेक यांना मात्र पुढे पन्नासहून अधिक वर्षांचे आयुष्य मिळाले. १९८२ साली कोल्बे यांना संतपद देण्यात आले तेव्हा ते रोममध्ये हजर होते.

या कथेतली एक गोष्ट सहसा आपल्या नजरेतून सुटते. कोल्बे यांना कोणीही पुढे ढकलले नव्हते. समजा, रांगेतला एखादा कैदी म्हणाला असता, ‘फादर, तुम्हाला कुठे बायकामुले आहेत? तुम्हीच जा ना!’ बोलणे खोटे नव्हते, पण ते बोलण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? प्रभू येशूही आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो आपण स्वतः होऊन देतो, असे सांगतो (योहान १०:१८). २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी इतरांसाठी जीव देणाऱ्यांना संतपदाची वेगळी वाट खुली केली, तेव्हाही हे अर्पण स्वेच्छेचे असावे, अशी अट घातली.

आपल्या घरांत काय चालते? धाकट्या भावंडांच्या शिक्षणासाठी थोरली बहीण अविवाहित राहते. तिने ते आपण होऊन केले असेल तर तिला वंदन. पण तिच्या पगारावर डोळा ठेवून घरच्यांनीच आलेली स्थळे परतवली असतील आणि मग तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिच्या त्यागावर भाषणे केली असतील, तर त्याला दुसरे नाव द्यावे लागेल. आजारी सासूची सेवा सुनेनेच करायची आणि मुलाने येशूच्या क्रुसाचे दाखले द्यायचे, हेही त्याच जातीचे.

याहून गंभीर म्हणजे नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘हा तुझा क्रूस आहे, गुपचूप वाहा’ असा सल्ला दिला जातो. देणारे बहुधा भाविकच असतात. अक्वायनसचीच कसोटी इथे लावून पाहू. तिच्या सोसण्याने नवऱ्याचे कोणते भले होते? तो पापात अधिकच रुतत जातो. मुले तेच पाहून शिकतात. तिने दार उघडून शेजाऱ्यांना हाक मारली, गरज पडली तर पोलिसांत गेली, तर तिने प्रेम सोडले असे कोणी म्हणू नये. क्षमा ती नंतर करील, तिच्या वेळेने. तीही तिच्याकडून वसूल करायची नसते.

अशा कोणा भगिनीला बोलायचे असेल तर तिने चर्चच्या कार्यालयात यावे. एकटीने यायचा संकोच वाटला तर मैत्रिणीला, बहिणीला सोबत आणावे. ऐकलेले आम्ही बाहेर जाऊ देणार नाही, आणि नवऱ्याशी जुळवून घे म्हणून सांगायला आम्ही बसलेलो नाही.