अर्धी पेशी, अख्खा जीव

प्रयोगशाळेत एखादा प्राणी लाडका होतो तो बहुधा सोयीपोटी. समुद्री अर्चिन या काटेरी गोळ्याचेही तसेच. पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण टोचले की मादी ढिगाने अंडी सोडते. फलन शरीराबाहेर होते, साध्या बशीतल्या समुद्राच्या पाण्यात. शिवाय काही जातींची अंडी इतकी पारदर्शक, की ऑस्कर हर्टविगला 1875 साली शुक्राणूचे केंद्रक अंड्याच्या केंद्रकाला जाऊन मिळताना त्यात पाहता आले. मात्र जे समोर दिसते त्याचा अर्थ लावणे तितके सोयीचे नसते.

1888 मध्ये विल्हेल्म रूने बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातली एक पेशी तापलेल्या सुईने मारली. उरलेलीपासून अर्धाच भ्रूण घडला. म्हणजे अंड्यात पुढच्या अवयवांची वाटणी आधीच झालेली असते, असे त्याने मानले. हान्स ड्रीशने 1891 मध्ये त्रिएस्तला अर्चिनवर हीच परीक्षा घेतली. दोन पेशींचे भ्रूण छोट्या काचनळीत घालून त्याने जोरजोरात हलवले आणि सुट्या झालेल्या पेशी वाढू दिल्या. संध्याकाळपर्यंत रूच खरा ठरणार असे वाटत होते: पेशी विभागत जाऊन एका बाजूने उघडी, अर्ध्या गोळ्याची वाटी तयार झाली होती. सकाळी पाहतो तो वाटी मिटलेली! बशीत अख्खा पोकळ गोळा पोहत होता. आकाराने लहान, बाकी पुरता. त्यातून पुढे पूर्ण डिंभकही झाले. (रूच्या बेडकात मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटून राहिली होती, ती काढून टाकली तर बेडकाचाही पूर्ण भ्रूण होऊ शकतो, हे नंतर दिसले.)

यंत्राचे दोन तुकडे केले तर दोन अख्खी यंत्रे होत नाहीत, मग अंड्याची कशी होतात? ड्रीशला उत्तर मिळेना, तेव्हा त्याने ‘एन्टेलेकी’ नावाची अभौतिक प्रेरणा मानली. पुढे तो तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला आणि 1926 मध्ये लंडनच्या परामानसशास्त्रीय संशोधन संस्थेचा अध्यक्षही. त्याला हसणे सोपे आहे. पण त्या काळी माहीत असलेले एकही यंत्र स्वतःचा गेलेला अर्धा भाग भरून काढत नव्हते, हेही खरेच.

तेच अंडे थेओडोर बोव्हेरीच्याही हाती होते. अंड्यात दोन शुक्राणू शिरले तर ते बहुधा एकदम चार पेशींत विभागते आणि गुणसूत्रे वेडीवाकडी वाटली जातात. बोव्हेरीने अशा चार पेशी सुट्या करून वाढवल्या. नेहमीच्या अंड्याच्या पहिल्या चारही पेशी पूर्ण डिंभक देऊ शकतात. इथे मात्र प्रत्येकीची गत निराळी. कुणी लवकर खुंटली, कुणी बरीच पुढे जाऊन बिघडली. वेगळी होती ती गुणसूत्रांची वाटणी. प्रत्येक गुणसूत्राचे काम वेगळे आणि नीट वाढीला पूर्ण संच हवा, असे त्याने 1902 मध्ये मांडले. ड्रीशच्या कोड्याचे निम्मे उत्तर त्यातच होते: त्याच्या दोन्ही सुट्या पेशींत पूर्ण संच होता.

उरलेले निम्मे, म्हणजे शेजारीण नसल्याची खबर पेशीला कशी लागते, याला फार वेळ लागला. पेशी एकमेकींना रासायनिक संदेश देतात आणि त्यानुसार जनुके चालू-बंद होतात. एरिक डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये कॅलिफोर्नियाच्या जांभळ्या अर्चिनमधले असे जनुकांचे जाळे रेखाटले. ते अपुरे होते, पण त्यातली प्रत्येक जोडणी प्रयोगाने तपासता येत होती. एन्टेलेकीला तशी कसोटीच लावता येत नाही. ड्रीशचा प्रश्न उत्तम होता. तो प्रयोगशाळेबाहेर न्यायची त्याला घाई झाली.